आभासी संगणकाचा दूरस्थ कन्सोल : प्लगइनपासून प्लगइनमुक्त ब्राउझरपर्यंतचा ऐतिहासिक प्रवास (खानदेशातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत महाविद्यालयीन शिक्षणात संगणकाचे स्थान आमूलाग्र बदलले. प्रयोगशाळेतील टेबलावर असलेला संगणक हाच गणनाचे काम करणारा संगणक होय, ही समजूत आता पुरेशी राहिलेली नाही. भुसावळ येथे बसलेला विद्यार्थी ज्या संगणकावर काम करतो, तो प्रत्यक्षात पुणे, नवी मुंबई किंवा परदेशातील एखाद्या सर्व्हरवर निर्माण केलेला आभासी संगणक असू शकतो. अशा संगणकाला स्वतःचा पडदा, कळफलक वा चालू-बंद करण्याची कळ नसते. त्याचा पडदा दूरवरच्या वापरकर्त्यापर्यंत पोहोचविणारी जी व्यवस्था असते, तिला दूरस्थ कन्सोल असे म्हणतात.

१९९६ ते २०१५ या सुमारे दोन दशकांत ब्राउझरमधून असा कन्सोल उघडावयाचा असल्यास जावा, अॅक्टिव्हएक्स किंवा तत्सम प्लगइन संगणकावर बसविणे जवळपास अनिवार्य होते. २०१० नंतर ही अट क्रमाक्रमाने गळून पडली. वरवर पाहता ही केवळ तांत्रिक सुधारणा वाटते. परंतु संगणकाच्या सामग्रीवर कोणाचे नियंत्रण असावे, कोणता वापरकर्ता आत घ्यावा व कोणता बाहेर राहावा, आणि एका कंपनीच्या निर्णयाने शिक्षणसंस्थेचे काम थांबू शकते काय, असे प्रश्न या बदलाशी निगडित आहेत. म्हणून तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक भाग या नात्याने या विषयाचा विचार होणे अगत्याचे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) दूरस्थ कन्सोल या संकल्पनेचा उगम व विकास यांचा आढावा घेणे.
२) ब्राउझरमधील प्लगइनची गरज का निर्माण झाली व ती का संपली, याची कारणमीमांसा करणे.
३) या स्थित्यंतराचा महाराष्ट्रातील, विशेषतः खानदेशातील महाविद्यालयांच्या दृष्टीने अर्थ लावणे.

लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कोणत्याही एका उत्पादनाची शिफारस करणे हा लेखाचा हेतू नाही.

कन्सोल या संकल्पनेचा उगम

प्रारंभीच्या मोठ्या संगणकांना दिवे, खटके आणि टंकयंत्र असलेला एक फलक जोडलेला असे. संगणक सुरू करणे, थांबविणे, अडकलेले काम सोडविणे ही सर्व कामे त्या फलकावरून होत. तोच कन्सोल होय. सामान्य वापरकर्त्याला तेथे प्रवेश नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सी.डी.सी. ३६०० हा संगणक आला, तेव्हाचा वापरकर्ता छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून देई आणि छापील उत्तराची वाट पाही. संगणकाशी थेट संवाद ही त्या काळी चैनीची बाब होती.

हा संवाद शक्य झाला तो कालविभागणीच्या पद्धतीमुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांदो कोर्बातो यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये अशा प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले. एकच संगणक अनेकांना आळीपाळीने वेळ देई आणि प्रत्येकाला तो आपल्यापुरताच आहे असे वाटे. याच विचाराचे पुढचे पाऊल आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील वैज्ञानिक केंद्राने टाकले. तेथील प्रायोगिक प्रणालीतून १९७२ मध्ये व्ही.एम./३७० ही प्रणाली जाहीर झाली. तीत प्रत्येक वापरकर्त्याला एक संपूर्ण आभासी संगणक मिळे, आणि त्याच्यासमोरचे टर्मिनल हेच त्या आभासी संगणकाचे कन्सोल बने. म्हणजे आभासी संगणक व दूरस्थ कन्सोल या दोन कल्पना प्रारंभापासून जुळ्या भावंडांसारख्या एकत्र वाढल्या आहेत.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. दूरच्या संगणकात नेटवर्कद्वारे प्रवेश करणे आणि त्याचे कन्सोल पाहणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिल्या प्रकारात त्या संगणकाची कार्यप्रणाली सुरू असावी लागते व तिचे नेटवर्क नीट चालावे लागते. कन्सोल मात्र कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वीपासून दिसतो. डिस्क सापडत नाही, कार्यप्रणाली अर्ध्यावर थांबली आहे किंवा नेटवर्कची मांडणी चुकली आहे, अशा प्रसंगी कन्सोल हाच एकमेव मार्ग उरतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील विंडोज संगणक सुरू होतानाच बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे सुमारे ८५ लाख संगणक होते. ते सुरूच होत नसल्याने नेहमीचा दूरस्थ प्रवेश निरुपयोगी ठरला आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापर्यंत जाऊन दुरुस्ती करावी लागली. कन्सोलचे महत्त्व त्या दिवशी सर्वसामान्यांच्याही लक्षात आले.

भुसावळचा अनुभव : दूरनियंत्रणाची जुनी ओळख

यंत्र एका ठिकाणी आणि त्याचे नियंत्रण दुसऱ्या ठिकाणी, ही कल्पना भुसावळसारख्या गावाला नवीन नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून येणारा मार्ग भुसावळ येथे दोन शाखांत विभागला जातो. नागपूरकडील शाखा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, तर दुसरी शाखा १८७० मध्ये जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाली. एवढ्या मोठ्या मार्गावरील गाड्या सुरक्षित चालविणे हे तारायंत्राशिवाय अशक्य होते. पुढील स्थानकाकडून मार्ग मोकळा असल्याचा संदेश आल्याखेरीज गाडी सोडावयाची नाही, हा नियम म्हणजे न दिसणाऱ्या वस्तुस्थितीवर दूरच्या संदेशाच्या आधारे विश्वास ठेवण्याची शिस्त होती. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागाच्या नियंत्रण कक्षात हीच परंपरा टेलिफोनच्या व पुढे संगणकाच्या रूपाने चालू राहिली.

सर्वसामान्य प्रवाशाने दूरस्थ संगणकाचा प्रत्यक्ष अनुभव घेतला तो आरक्षणाच्या खिडकीवर. रेल्वेची संगणकीकृत आरक्षण व्यवस्था नवी दिल्ली येथे १९८५-८६ मध्ये सुरू झाली. १९८६ मध्येच रेल्वे माहिती प्रणाली केंद्र म्हणजे क्रिस ही संस्था स्थापन झाली. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद या पाच केंद्रांचे संगणक परस्परांशी जोडण्यात आले व १९९९ मध्ये ही जोडणी पूर्ण झाली. खिडकीमागील कर्मचाऱ्यासमोर असे तो केवळ एक टर्मिनल. गणना व नोंद दूरच्या केंद्रातील संगणकावर होई. टर्मिनल बिघडले तर दुसरे लावता येई आणि आरक्षणाची नोंद मात्र अबाधित राही. या उदाहरणातून एक तत्त्व हाती लागते. दूरस्थ व्यवस्थेत वापरकर्त्याच्या बाजूचे साधन जितके साधे व बदलता येण्याजोगे, तितकी ती व्यवस्था टिकाऊ. प्लगइनच्या काळात नेमका याच तत्त्वाचा विसर पडला.

पडद्याचे वहन : केंब्रिज येथील संशोधन

टर्मिनलवर केवळ अक्षरे उमटत, तोपर्यंत दूरस्थ कन्सोल सोपा होता. चित्रमय पडदा आल्यावर प्रश्न बिकट झाला. १०२४ गुणिले ७६८ बिंदूंचा पडदा आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ३२ बिट धरल्यास एका पडद्याचे चित्र २,५१,६५,८२४ बिटांचे होते. २५६ किलोबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवरून ते जसेच्या तसे पाठविण्यास सुमारे ९८ सेकंद लागतील. ५६ किलोबिटच्या डायल-अप जोडणीवर हाच काळ साडेसात मिनिटांच्या आसपास जातो. आपल्या भागात २००५ नंतर ब्रॉडबँड पसरू लागले, तेव्हा २५६ किलोबिट हा सुरुवातीचा वेग होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

या अडचणीवर इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेने उपाय शोधला. तेथे विकसित झालेली व्हर्च्युअल नेटवर्क कम्प्युटिंग म्हणजेच व्ही.एन.सी. ही प्रणाली १९९८ मध्ये मुक्तस्रोत स्वरूपात उपलब्ध झाली. तिची रीत साधी आहे. पडद्याचा जो आयताकृती भाग बदलला असेल तेवढाच सर्व्हरने पाठवावयाचा, आणि वापरकर्त्याच्या संगणकाने कळ दाबल्याची व माऊस हलल्याची नोंद उलट पाठवावयाची. वापरकर्त्याच्या बाजूला कोणतीही स्थिती साठविली जात नाही. भुसावळ येथे वीज गेली व समोरचा संगणक बंद पडला तरी दूरच्या यंत्रातील काम चालूच राहते, आणि पुन्हा जोडणी केल्यास पडदा होता त्या जागी दिसतो. दीर्घकाळ भारनियमन सोसलेल्या आपल्या प्रदेशाला या गुणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

दरम्यान सामान्य संगणकावर आभासी संगणक चालविण्याचे तंत्रही प्रगत होत होते. व्ही.एम.वेअर कंपनीची स्थापना १९९८ मध्ये झाली व तिचे पहिले उत्पादन १९९९ मध्ये आले. केंब्रिज विद्यापीठातील झेन हा प्रकल्प २००३ मध्ये प्रकाशात आला. फाब्रिस बेलार यांचे क्यू.ई.एम.यू. याच सुमारास आले, आणि २००७ मध्ये के.व्ही.एम. लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. क्यू.ई.एम.यू.मध्ये व्ही.एन.सी. सर्व्हर अंतर्भूत झाल्यावर आभासी संगणकाच्या चित्रस्मृतीतील मजकूर थेट बाहेर देणे शक्य झाले. त्या आभासी संगणकात काहीही बसविण्याची, किंबहुना त्याला नेटवर्क असण्याचीही गरज उरली नाही. अशा प्रकारे खऱ्या अर्थाने आभासी संगणकाचा कन्सोल साकार झाला.

प्लगइनचे पर्व

पडदा दूर नेण्याची रीत सापडली, तरी तो पाहण्यासाठी वापरकर्त्याच्या संगणकावर स्वतंत्र आज्ञावली लागे. ती प्रत्येक ठिकाणी बसविणे कष्टाचे होते. ब्राउझर मात्र सर्वत्र असे. म्हणून कन्सोल ब्राउझरमध्येच दाखवावा, हा विचार स्वाभाविक होता. परंतु त्या काळच्या ब्राउझरमध्ये तीन उणिवा होत्या. एक, ब्राउझर मागणी करी व सर्व्हर उत्तर देई, एवढाच संवाद शक्य होता. सर्व्हरने स्वतःहून काही पाठविण्याची व अखंड जोडणी ठेवण्याची सोय नव्हती. दोन, पडद्यावर बिंदूगणिक चित्र काढण्याचे साधन नव्हते. तीन, जावास्क्रिप्ट ही भाषा अशा जड कामासाठी फार संथ होती.

या उणिवा प्लगइनने भरून काढल्या. नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर १९९६ मध्ये एन.पी.ए.पी.आय. ही प्लगइनची पद्धत रूढ झाली. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी अॅक्टिव्हएक्स पुढे आणले. व्ही.एन.सी.च्या सर्व्हरमध्येच एक छोटा जावा अॅपलेट ठेवलेला असे आणि ब्राउझरने ठरावीक पत्ता उघडताच तो उतरून पडदा दाखवी. सर्व्हर बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही आपल्या यंत्रांचे दूरस्थ कन्सोल जावा किंवा अॅक्टिव्हएक्सवर बेतले. व्ही.एम.वेअर सर्व्हरच्या २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीत आभासी संगणकाचा कन्सोल ब्राउझरच्या प्लगइनद्वारेच उघडे. शासकीय व्यवहारातही जावाचा शिरकाव झाला. ई-निविदेवर डिजिटल स्वाक्षरी करताना जावाची विशिष्ट आवृत्ती नसल्यास पुढे जाता येत नसे, हा अनुभव महाविद्यालयांच्या कार्यालयांना परिचित आहे.

प्लगइनने काम भागले, हे मान्य करावयास हवे. त्याशिवाय दूरस्थ कन्सोल इतक्या लवकर ब्राउझरमध्ये आला नसता. परंतु त्याची किंमत वापरकर्त्याने मोजली. प्लगइन ब्राउझरच्या संरक्षक चौकटीबाहेर, संगणकाच्या पूर्ण अधिकारांनिशी चाले. त्यातील एखादी त्रुटी म्हणजे संपूर्ण संगणकाचे दार उघडे राहण्यासारखे होते. जानेवारी २०१३ मध्ये जावातील अशाच एका गंभीर त्रुटीमुळे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने ब्राउझरमधील जावा बंद ठेवण्याचा सल्ला नागरिकांना दिला. शिवाय प्लगइन विशिष्ट ब्राउझरला, विशिष्ट कार्यप्रणालीला व विशिष्ट आवृत्तीला बांधलेले असे. लिनक्स वापरणाऱ्याला अॅक्टिव्हएक्सचा उपयोग नव्हता. मोबाईलधारक तर पूर्णतः वगळला जाई, कारण २००७ मध्ये आलेल्या आयफोनमध्ये जावा वा फ्लॅश या दोन्ही प्लगइनना स्थान नव्हते.

प्लगइनचा अस्त

प्लगइनचा शेवट एका दिवसात झाला नाही. गूगलने सप्टेंबर २०१३ मध्ये एन.पी.ए.पी.आय. बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. एप्रिल २०१५ मध्ये क्रोममध्ये ती पद्धत मूळ मांडणीतच निष्क्रिय करण्यात आली व सप्टेंबर २०१५ मध्ये कायमची काढून टाकण्यात आली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश वगळता इतर प्लगइन बंद केले. ओरॅकलने २०१८ मधील जावाच्या अकराव्या आवृत्तीतून ब्राउझर प्लगइन वगळले. अॅडोबीने फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबविला, आणि अॅक्टिव्हएक्सचा आश्रयदाता असलेला इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

या घटनाक्रमाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. यातील एकही निर्णय वापरकर्त्या संस्थांनी घेतलेला नव्हता. ज्या संस्थांची यंत्रे सुस्थितीत होती, त्यांचेही कन्सोल केवळ ब्राउझर अद्ययावत झाल्याने उघडेनासे झाले. जुना सर्व्हर उघडता यावा म्हणून जुना ब्राउझर व जुना जावा असलेला एखादा संगणक बाजूला जपून ठेवावा लागला. सुरक्षेसाठी टाकून दिलेली वस्तू सोयीसाठी वापरात ठेवणे, हा विरोधाभास त्यातून निर्माण झाला.

प्लगइनविना कन्सोल : मुक्त प्रमाणकांचे कार्य

वर नमूद केलेल्या तीन उणिवा खुद्द ब्राउझरमध्येच दूर झाल्या, तेव्हा प्लगइनची गरज संपली. चित्रासाठी कॅन्व्हास हे साधन अॅपलने २००४ मध्ये प्रथम आणले व पुढे ते एच.टी.एम.एल. ५ या प्रमाणकाचा भाग झाले. जावास्क्रिप्टचा वेग २००८ मधील क्रोमच्या व्ही८ इंजिनानंतर झपाट्याने वाढला. दोन्ही बाजूंनी अखंड संवाद साधणारी वेबसॉकेट ही पद्धत डिसेंबर २०११ मध्ये आर.एफ.सी. ६४५५ या क्रमांकाने प्रमाणित झाली. व्ही.एन.सी.ची मूळ रीतही त्याच वर्षी आर.एफ.सी. ६१४३ म्हणून लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली. ही दोन्ही प्रमाणके कोणालाही विनामूल्य वाचता व वापरता येतात, हे महत्त्वाचे.

या पायावर २०१० च्या सुमारास दोन मुक्तस्रोत प्रकल्प उभे राहिले. जोएल मार्टिन यांचा नोव्हीएनसी हा पहिला. यात ब्राउझरमधील जावास्क्रिप्टच व्ही.एन.सी.ची भाषा बोलते, आणि मध्ये असलेला एक छोटा दुवा वेबसॉकेटवरून आलेला संवाद साध्या नेटवर्क जोडणीत रूपांतरित करतो. पुढे क्यू.ई.एम.यू.ने वेबसॉकेट थेट स्वीकारण्याची सोय केल्याने काही ठिकाणी हा दुवाही अनावश्यक ठरला. दुसरा प्रकल्प ग्वाकामोली. त्याची रचना वेगळी आहे. त्यात व्ही.एन.सी., विंडोजची दूरस्थ पडद्याची पद्धत व एस.एस.एच. या सर्वांचे भाषांतर सर्व्हरवरच होते आणि ब्राउझरला एकच समान भाषा समजली की पुरते. हा प्रकल्प २०१७ मध्ये अपाची प्रतिष्ठानचा पूर्ण दर्जाचा प्रकल्प झाला. ओपनस्टॅक या मेघसंगणन प्रणालीने नोव्हीएनसीचा स्वीकार केला. प्रॉक्समॉक्स या आभासीकरण प्रणालीने २०१४ मध्ये जावा अॅपलेटची जागा एच.टी.एम.एल. ५ कन्सोलला दिली. अॅमेझॉननेही २०२१ मध्ये आपल्या आभासी संगणकांसाठी ब्राउझरमधून उघडणारा अक्षररूप कन्सोल उपलब्ध केला. साठ वर्षांपूर्वीचे टंकयंत्र अशा रीतीने ब्राउझरच्या चौकटीत परतले.

महाराष्ट्र व खानदेशाच्या संदर्भात

आपल्या देशातील शिक्षणक्षेत्राने हे स्थित्यंतर जवळून अनुभवले ते व्हर्च्युअल लॅब्ज या उपक्रमात. केंद्र शासनाच्या माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानाला २००९ मध्ये प्रारंभ झाला. त्याअंतर्गत दिल्लीच्या आय.आय.टी.च्या समन्वयाखाली १२ संस्थांनी ब्राउझरमधून करावयाचे प्रयोग तयार केले. त्यांत महाराष्ट्रातून आय.आय.टी. मुंबई व पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन संस्था होत्या. काही प्रयोग केवळ अनुकरणात्मक होते, तर काहींत दूरच्या प्रयोगशाळेतील खरे उपकरण विद्यार्थी चालवीत असे. आय.आय.टी. मुंबई येथील फॉसी प्रकल्पाने सायलॅब ही गणिती प्रणाली ब्राउझरमधून वापरण्याची सोय केली, त्यामुळे विद्यार्थ्याच्या संगणकावर काहीही बसविण्याची गरज उरली नाही.

परंतु व्हर्च्युअल लॅब्जमधील पुष्कळ प्रयोग प्रारंभी जावा व फ्लॅश यांवर आधारलेले होते. प्लगइन बंद पडताच ते प्रयोग एच.टी.एम.एल. ५ व जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावे लागले. मोठ्या संस्थांना ते शक्य झाले. लहान महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी हौसेने, स्वतःच्या वेळात बनविलेल्या फ्लॅशमधील अध्ययन सामग्रीचे काय झाले, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. ती सामग्री सीडीवर आहे, पण सहजपणे उघडत नाही. कागदावरील टिपण पन्नास वर्षांनीही वाचता येते आणि पंधरा वर्षांपूर्वीचा संगणकीय धडा वाचता येत नाही, ही स्थिती शिक्षकाने गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली व २०१८ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. यांतील अनेक महाविद्यालयांच्या दृष्टीने प्लगइनमुक्त कन्सोलचे तीन लाभ संभवतात.

पहिला लाभ जुन्या संगणकांचा. ज्या संगणकावर नवी आज्ञावली चालत नाही, पण अद्ययावत ब्राउझर चालतो, तो संगणक टर्मिनल म्हणून वापरता येतो. एका बऱ्यापैकी सर्व्हरवर अनेक आभासी संगणक निर्माण करून विद्यार्थ्यांना वाटून देता येतात. प्रयोगात एखाद्याने कार्यप्रणाली बिघडविली, तरी ती काही क्षणांत पूर्ववत करता येते.

दुसरा लाभ मोबाईलधारक विद्यार्थ्याचा. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे ग्रामीण विद्यार्थ्याच्या हाती इंटरनेट आले ते मोबाईलच्या रूपाने. प्लगइनच्या जगात हा विद्यार्थी कायमचा बाहेर राहिला असता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा प्रयोगशाळा बंद आणि हाती केवळ मोबाईल, अशी अवस्था आपण सर्वांनी पाहिली. लहान पडद्यावर दीर्घकाळ काम करणे त्रासाचे असते, तरी दार बंद असणे आणि दार अरुंद असणे यांत फरक आहेच.

तिसरा लाभ अंतराचा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे व मुंबई येथे, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबई येथे आपली मेघसंगणन केंद्रे सुरू केली. तत्पूर्वी राष्ट्रीय सूचना केंद्राने फेब्रुवारी २०१४ मध्ये शासकीय कामांसाठी राष्ट्रीय क्लाउड सुरू केला होता. भुसावळ ते मुंबई हे रेल्वेमार्गाचे अंतर सुमारे ४४५ किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाशाला एक किलोमीटरसाठी सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. त्या हिशेबाने जाऊन-येऊन साडेचार मिलिसेकंद पुरतात. अमेरिकेतील सर्व्हरसाठी हाच काळ शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. कळ दाबणे व अक्षर उमटणे यांतील हा विलंब कन्सोलवर लगेच जाणवतो, म्हणून सर्व्हर कोठे आहे हा प्रश्न महाविद्यालयाने अवश्य विचारावा.

मर्यादा व सावधगिरी

प्लगइन गेले म्हणजे धोका गेला, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पूर्वी जोखीम वापरकर्त्याच्या संगणकावर होती, आता ती मधल्या दुव्याकडे व सर्व्हरकडे सरकली आहे. व्ही.एन.सी.च्या मूळ पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली आठच अक्षरे विचारात घेतली जातात आणि पडद्याचा मजकूर गुप्त केला जात नाही. म्हणून असा कन्सोल उघड्या इंटरनेटवर ठेवणे म्हणजे प्रयोगशाळेची किल्ली चौकात टांगून ठेवण्यासारखे आहे. सुरक्षित वेब जोडणी, अल्पकाळ टिकणारे प्रवेशचिन्ह आणि प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र नोंद या गोष्टी अपरिहार्य आहेत.

दुसरी मर्यादा सत्तेच्या केंद्रीकरणाची. ग्वाकामोलीसारख्या व्यवस्थेत वापरकर्त्याने काय केले याचे संपूर्ण चित्रण सर्व्हरवर ठेवता येते. परीक्षेच्या दृष्टीने ते उपयुक्त असले, तरी विद्यार्थ्याच्या खासगीपणाचा प्रश्न त्यातून उभा राहतो. असे चित्रण कोण पाहणार व किती काळ ठेवणार, हे महाविद्यालयाने आधी लेखी ठरविणे न्याय्य होईल. तिसरी मर्यादा जोडणीची. सर्व काम एका सर्व्हरवर अवलंबून असल्याने तो किंवा त्याची जोडणी बंद पडल्यास संपूर्ण वर्ग थांबतो. खिडकीवरील जोडणी तुटली की आरक्षणाची रांग जागच्या जागी थांबे, त्याचेच हे नवे रूप होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) दूरस्थ कन्सोल ही कल्पना आभासी संगणकाइतकीच जुनी आहे. ब्राउझर हे तिचे अलीकडचे रूप आहे.

२) प्लगइन ही ब्राउझरच्या उणिवांवरील तात्पुरती सोय होती. ती खासगी मालकीची असल्याने तिचे आयुष्य मालकाच्या निर्णयावर अवलंबून राहिले. तिच्या जागी आलेली मुक्त प्रमाणके कोणा एकाच्या निर्णयाने नाहीशी होण्याची शक्यता पुष्कळच कमी आहे.

३) हा बदल वापरकर्त्याच्या बाजूचे साधन साधे ठेवण्याच्या जुन्या तत्त्वाकडे परत जाणारा आहे. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर हे तत्त्व भुसावळकरांनी पूर्वीच अनुभवले आहे.

४) प्लगइनवर आधारित अध्ययन सामग्रीची हानी ही शैक्षणिक वारशाची हानी आहे. ज्या महाविद्यालयांकडे अशी सामग्री शिल्लक आहे, त्यांनी जुनी कार्यप्रणाली असलेला एक आभासी संगणक, बाहेरच्या नेटवर्कपासून अलग ठेवून, जतनासाठी राखावा. ज्या तंत्राने प्लगइनची गरज संपविली, त्याच तंत्राच्या कन्सोलमधून ती सामग्री पुन्हा पाहता येईल.

५) यापुढे कोणतीही प्रणाली खरेदी करताना ती सामान्य ब्राउझरमध्ये, काहीही न बसविता उघडते काय, ती कोणत्या खुल्या प्रमाणकावर आधारलेली आहे, आणि पुरवठादार बदलल्यास आपली सामग्री आपल्या हाती राहते काय, हे तीन प्रश्न खरेदी समितीने विचारणे हितावह ठरेल.

तंत्रज्ञानाच्या निवडीचे निर्णय बहुधा संगणक विभागावर सोपविले जातात. परंतु त्यांचे परिणाम ग्रंथालय, परीक्षा विभाग व प्रत्येक विषयाचा शिक्षक यांना भोगावे लागतात. म्हणून अशा निर्णयांत सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी सहभागी होणे ही काळाची गरज आहे.